विश्लेषण : देव मानणारे, न मानणारे आणि एकच ग्रुप... वाद सभ्य कसा राहील?

आषाढी, गणपती, पितृपक्ष किंवा एखादे ग्रहण जवळ आले की कुटुंबाच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. कोणी ग्रहणात काय खाऊ नये याचा मेसेज टाकतो, दुसरा ‘हे कुठल्या पुस्तकात लिहिले आहे?’ असे विचारतो. तासाभरात गाडी ग्रहणावरून संस्कारांवर, संस्कारांवरून आईवडिलांवर आणि तिथून ‘एवढेच आहे तर दिवाळीची सुट्टी घेऊ नकोस’ इथपर्यंत पोहोचते. शेवटी कोणीतरी ग्रुप सोडतो. श्रद्धावान आणि नास्तिक यांच्यातला हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. आगरकरांच्या काळापासून तो सुरू आहे आणि त्याची किंमत काहींनी प्राणांनी मोजली आहे. तो टाळता येणार नाही आणि टाळण्याची गरजही नाही. मात्र माणसे न तोडता तो कसा करता येईल, याचे काही धडे इथल्याच इतिहासात सापडतात.

वाद नेमका कशावर होतो?

‘देव आहे की नाही’ या प्रश्नावरून सुरू होणारे वाद प्रत्यक्षात फार थोडे असतात. बहुतेक वाद तीन वेगवेगळ्या प्रश्नांपैकी एकावरून सुरू होतात आणि मग तिन्हींची सरमिसळ होते.

पहिला प्रश्न तथ्याचा. अमुक अंगठी घातल्याने नोकरी लागते, अमुक जल प्यायल्याने साखर उतरते, असा दावा केला जातो. तो खरा की खोटा, हे तपासता येते. दुसरा प्रश्न वर्तनाचा. एखाद्या प्रथेमुळे कोणाचे नुकसान होते का, कोणावर सक्ती होते का, लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत लावायचा, वर्गणी कोणाकडून घ्यायची. याची उत्तरे कायदा, आरोग्य आणि शेजारधर्म यांच्या आधारे शोधता येतात. तिसरा प्रश्न अर्थाचा. माणूस दु:खात कशाचा आधार घेतो, कशापुढे नम्र होतो, मरणाकडे कसे पाहतो. इथे प्रयोगशाळेचा अहवाल उपयोगी पडत नाही आणि पोथीचा दाखलाही दुसऱ्याला बांधील करू शकत नाही.

भांडण होते ते एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिल्यामुळे. वारीला जाणाऱ्या माणसाला ‘पांडुरंगाचा पुरावा द्या’ म्हणणे हे तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याची फूटपट्टी लावणे झाले. औषध बंद करून अंगारा लावा असे सांगणाऱ्याने ‘हा आमच्या श्रद्धेचा विषय आहे’ म्हणणे ही पहिल्या प्रश्नातून तिसऱ्याच्या आडोशाला केलेली पळवाट. दोन्हीकडून हे घडते. त्यामुळे सभ्य वादाची पहिली अट गोड भाषा ही नाही. आपण कोणत्या प्रश्नावर बोलत आहोत, हे दोघांनी आधी ठरवणे ही ती अट आहे.

तथ्याचा वाद कसा सोडवता येतो?

याचे एक चांगले उदाहरण पुण्यातले आहे. फलज्योतिषावरचा वाद महाराष्ट्रात कित्येक पिढ्या चालला. एक बाजू ‘थोतांड’ म्हणायची, दुसरी ‘अनुभव घेऊन बघा’ म्हणायची. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या भांडणाला कसोटीचे रूप दिले. त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. निम्मी मुले अभ्यासात हुशार होती, निम्मी बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या शाळांतली होती. ज्योतिषांना आवाहन करण्यात आले. प्रत्येकाला ४० कुंडल्या द्यायच्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची हे त्याने सांगायचे, असे ठरले. एकूण २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. निकाल नाणे उडवून केलेल्या अंदाजापेक्षा सरस ठरला नाही.

या चाचणीने फलज्योतिषावरचा विश्वास संपला नाही. तशी कोणाची अपेक्षाही नसावी. महत्त्वाची होती ती पद्धत. ज्योतिषांना मूर्ख किंवा लबाड ठरवून सुरुवात झाली नाही. त्यांचा दावा त्यांच्याच साधनाने, म्हणजे कुंडलीने, तपासला गेला. काय घडले तर दावा खरा मानायचा, हे आधी जाहीर झाले. चाचणीवर आक्षेप घेणाऱ्यांनाही मग कशावर आक्षेप घ्यायचा हे नेमके सांगावे लागले. मोबाइलवरच्या वादात एवढा मोठा प्रयोग करता येत नाही, पण ‘कशामुळे तुझे मत बदलेल?’ हा एक प्रश्न विचारता येतो. दोघांपैकी एकाचेही उत्तर ‘कशानेच नाही’ असे असेल, तर तो वाद तथ्याचा उरलेला नाही हे लगेच कळते आणि दोघांचाही वेळ वाचतो.

वर्तनाचा वाद कायद्यापर्यंत कसा गेला?

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. त्याचा प्रवास अनेक वर्षे रखडला. हा कायदा आला तर सत्यनारायणाची पूजा घालता येणार नाही, वारी बंद होईल, कीर्तनकारांवर गुन्हे दाखल होतील, अशी भीती घातली जात होती. ‘श्रद्धा’ कुठे संपते आणि ‘अंधश्रद्धा’ कुठे सुरू होते, यावर सभागृहात आणि बाहेर एकमत होणे अशक्य होते, कारण ज्याची त्याची रेघ वेगळी होती.

डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जो कायदा मंजूर केला, त्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही. त्यात नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा हे शब्द आहेत. कोणत्या कृती गुन्हा ठरतील याची अनुसूची आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून फसवणे, साप किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे अशा ठोस बाबी त्यात आहेत. दुसरीकडे प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे ज्या शब्दावर भांडण मिटत नव्हते तो शब्द बाजूला ठेवला गेला आणि कृतींची यादी झाली. देव मानणारे आणि न मानणारे आमदार त्या यादीवर एकत्र मतदान करू शकले.

या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वत: नास्तिक होते. पण त्यांनी उभारलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देव-धर्माला विरोध करण्याची नव्हती. देव-धर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची होती. हे धोरण सगळ्या नास्तिकांना मान्य होते असेही नाही. ज्येष्ठ अभिनेते डॉ. श्रीराम लागू यांना ते पुरेसे वाटत नव्हते. परमेश्वराला निवृत्त करा, असे ते उघडपणे सांगत. विशेष म्हणजे हा मतभेद दोघांनी लपवला नाही. महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावर बसून त्यांनी तो लोकांसमोर मांडला आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्या सभांना देव मानणारेही येत. एकाच चळवळीतले दोघे मित्र जाहीरपणे असहमत होतात आणि कार्यक्रम संपल्यावर एकत्रच परततात, हे दृश्य स्वत:च एक धडा होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. हत्येनंतर चार दिवसांत या कायद्याचा अध्यादेश निघाला. शब्दाला शब्दाने उत्तर देण्याची सवय मोडली की पुढे काय होऊ शकते, याचे यापेक्षा भयंकर उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागत नाही.

अर्थाच्या वादात काय करता येते?

तिसऱ्या प्रश्नावर एकमत होत नाही, पण सोबत राहता येते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९४४ च्या अखेरीस याचा अनुभव आला. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’, हे कट्टर नास्तिक. या विचारांमुळे त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली होती. कृष्णा जिल्ह्यातल्या गावांत ते अस्पृश्यतेविरुद्ध काम करत होते आणि नास्तिकतेमुळेच हे काम नीट होते, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाने स्वत:कडे हिंदू किंवा मुसलमान, वरचा किंवा खालचा असे न पाहता फक्त माणूस म्हणून पाहिले तर जात गळून पडते, हा त्यांचा युक्तिवाद. हे सगळे ते सांगायला आले कोणाकडे, तर रोज प्रार्थना घेणाऱ्या महात्मा गांधींकडे.

गांधींनी त्यांना देवाचे अस्तित्व पटवून द्यायचा प्रयत्न करण्याऐवजी नास्तिकतेतून गावात काय काम उभे राहिले, याची चौकशी केली. भेटी वाढत गेल्या. आपला ईश्वरवाद बरोबर आणि गोरांची नास्तिकता चूक असे आपण ठामपणे म्हणू शकत नाही, दोघेही सत्याचा शोध घेत आहोत, अशा आशयाची भूमिका गांधींनी घेतली. पुढे गोरांनी आपली मुलगी एका दलित तरुणाला देण्याचे ठरवले आणि गांधींनी हे लग्न आश्रमात लावण्याची तयारी दाखवली. अडचण होती विधीतल्या शब्दांची. ‘ईश्वराच्या नावाने’ घ्यायची शपथ नास्तिक कुटुंब कसे घेणार? तिथे ‘सत्याच्या नावाने’ म्हणायचे, असा मार्ग गांधींनी सुचवला. लग्नाआधीच गांधींची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये हे लग्न सेवाग्रामलाच लागले.

गोरा आस्तिक झाले नाहीत, गांधींनी प्रार्थना सोडली नाही. ‘मग या चर्चेचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्याने त्या लग्नाकडे पाहावे. मुळात मत बदलणे हे अशा चर्चेचे एकमेव माप नाही. दोन टोकांच्या माणसांना जातिभेदाविरुद्ध एक काम सोबत करता आले, कारण दोघांनी एकमेकांच्या उत्तरांपेक्षा एकमेकांच्या हेतूंवर विश्वास ठेवला.

पडद्यावर हा वाद लवकर का बिघडतो?

सेवाग्रामच्या फेरफटक्यात जी सोय होती ती मोबाइलच्या पडद्यावर नसते. तिथे दोघे एकमेकांशी बोलत होते. ग्रुपवर दोघे बोलतात तेव्हा शंभरजण पाहत असतात. माघार घेणे म्हणजे शंभरजणांसमोर हरणे, असे वाटू लागते. ‘हो, हा मुद्दा मला पटला’ हे वाक्य ओट्यावर बसून सहज म्हणता येते, पण ग्रुपवर टाइप करताना बोटे अडखळतात.

दुसरी अडचण म्हणजे आवाज आणि चेहरा दिसत नाही. मावशीला चिडवताना भाच्याच्या चेहऱ्यावर असलेले हसू मेसेजसोबत जात नाही. तिसरी, बोललेले विरून जात नाही. रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट दोन वर्षांनी लग्नाच्या बोलणीत निघू शकतो. चौथी बाब समाजमाध्यमांच्या रचनेतली आहे. ज्या पोस्टवर जास्त कमेंट आणि शेअर होतात ती जास्त लोकांपुढे येते. संतापाने कमेंट भराभर येतात. त्यामुळे नास्तिकांपैकी सर्वांत तुच्छतेने बोलणारा आणि श्रद्धावानांपैकी सर्वांत धमकावून बोलणारा हेच दोन चेहरे सतत समोर राहतात. शांतपणे पूजा करून कामाला जाणारा आणि पूजा न करता शांतपणे कामाला जाणारा, हे दोघेही रीलमध्ये दिसत नाहीत. संख्येने मात्र तेच जास्त असतात.

जुन्या परंपरेत वादाचे नियम होते का?

होते आणि ते आजच्या कमेंट बॉक्सला चपखल बसतात. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी प्रमाणे आणि तर्क वापरून होतो तो ‘वाद’. काहीही करून जिंकण्यासाठी होतो तो ‘जल्प’. स्वत:ची कोणतीही बाजू न मांडता फक्त समोरच्याचे खोडून काढत राहणे म्हणजे ‘वितंडा’. मराठीतला ‘वितंडवाद’ हा शब्द तिथूनच आला. शब्दांचा विपर्यास करण्याला ‘छल’ असे नाव आहे. ‘नव’ म्हणजे नवीन आणि नऊ. एखाद्याने ‘त्याच्याकडे नवकंबल आहे’, म्हणजे नवी घोंगडी आहे, असे म्हटले की ‘नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते!’ असे म्हणून त्याला खोटे पाडायचे, हे छलाचे प्रसिद्ध उदाहरण. अलंकारिक बोलणे मुद्दाम शब्दश: घेणे हाही छलाचाच एक प्रकार मानला गेला आहे.

दुसरी शिस्त पूर्वपक्षाची. आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे मांडायचे. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथाचा कर्ता वेदान्ती होता, पण ग्रंथाची सुरुवात त्याने देव, आत्मा, परलोक काहीच न मानणाऱ्या चार्वाक दर्शनाने केली. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचे विचार बरेचसे विरोधकांच्या अशा मांडणीतूनच कळतात. ती मांडणी किती प्रामाणिक होती यावर अभ्यासकांत वाद आहेत. तरीही खंडन करण्यापूर्वी समोरच्याचे नीट मांडले पाहिजे, हा आग्रह होता. आजचा साधा नियम त्यातूनच निघतो : समोरच्याचे म्हणणे असे सांगायचे की तो ‘बरोबर, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल. त्यानंतर विरोध करायचा.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. ते देव मानणाऱ्याचे आहे तसेच न मानणाऱ्याचेही आहे. आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांच्या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे एक कर्तव्य आहे. त्याच यादीत धर्म, भाषा, प्रदेश यांच्या पलीकडे बंधुभाव वाढवणे हेही आहे. सोयीचे एक उचलून दुसरे विसरण्याची मुभा नाही.

धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींत ज्याचा वारंवार उल्लेख होतो ते कलम, म्हणजे जुन्या दंडसंहितेतले २९५ अ, १९२७ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण नुसती भावना दुखावली म्हणून हा गुन्हा होत नाही. अपमान जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना ही मर्यादा स्पष्ट केली. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्यामुळे क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनीवर झालेला खटला २०१७ मध्ये याच आधारावर रद्द झाला. ग्रुप ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगारी जबाबदार धरता येत नाही.

अर्थात निकाल शेवटी बाजूने लागला तरी पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या हीच शिक्षा ठरते. म्हणून वादातल्या उत्तराऐवजी तक्रारीची धमकी देणे हा सभ्यतेचा भंगच आहे, मग भाषा कितीही शुद्ध असो.

सभ्यतेचा आग्रह म्हणजे गप्प बसवणे का?

हा आक्षेप गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात जेमतेम ३३ हजार लोकांनी स्वत:ची नोंद नास्तिक अशी केली. त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. सुमारे २९ लाखांनी धर्मच सांगितला नाही. इतक्या कमी संख्येने असलेल्यांना ‘हळू बोला, भावना दुखावतात’ असे सांगणे म्हणजे प्रत्यक्षात ‘बोलू नका’ असे सांगणे ठरू शकते. गोपाळ गणेश आगरकरांनी तर सौम्य भाषा वापरली नाही. रूढींवर त्यांनी सडकून टीका केली आणि जिवंतपणी स्वत:ची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. ती त्या काळातली ट्रोलिंगच होती. त्यांनी लेखणी आवरती घेतली असती तर महाराष्ट्राचे नुकसानच झाले असते.

पण आगरकर चिडले होते ते कोणावर? बालविधवेचे केस कापणाऱ्या रूढीवर आणि तिचे समर्थन करणाऱ्या प्रतिष्ठितांवर. त्या विधवेच्या उपासतापासावर नव्हे. उपहासाला जागा आहे आणि ती सत्तेसमोर आहे. भोंदू बाबा, त्याला व्यासपीठ देणारा पुढारी, देवाच्या नावावर जमीन बळकावणारा विश्वस्त, यांची खिल्ली उडवण्यात असभ्य काही नाही. मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी नवस बोलणाऱ्या आईची खिल्ली उडवणे हा मात्र सोपा विजय आहे आणि त्यात बहुधा शिकलेल्याने न शिकलेल्यावर मिळवलेल्या विजयाचा वास येतो.

हेच श्रद्धावानांनाही लागू होते. एखाद्याने वडिलांच्या इच्छेप्रमाणे देहदान केले, दहावे-तेरावे केले नाही, तर ‘बापाचे साधे दिवससुद्धा केले नाहीत’ हा टोमणा त्याच्या दु:खावर घातलेला घाव असतो. उलट, कोणाच्या निधनाच्या मेसेजखाली ‘आत्म्यास शांती लाभो’ असे लोक लिहीत असताना ‘आत्मा नसतो’ असा खुलासा टाकणाऱ्याने वैज्ञानिक दृष्टिकोनाची सेवा केली, असे म्हणता येत नाही. अर्थाच्या प्रश्नावर वाद घालायचाच असेल तर त्याची वेळ सुतक नाही.

एक रेघ मात्र दोघांसाठी पक्की हवी. जिवाला धोका, फसवणूक किंवा सक्ती असेल तिथे गप्प बसणे ही सभ्यता नव्हे. शेजारच्या मुलीच्या फिटवर मांत्रिकाचा उपाय चालू असेल तर ‘त्यांची श्रद्धा’ म्हणून दार लावून घेणे चुकीचेच आहे.

ग्रुपवर प्रत्यक्षात काय करता येईल?

समजा, कुटुंबाच्या ग्रुपवर मावशीने मेसेज टाकला की एका महाराजांच्या जलाने मधुमेह बरा होतो. ‘कसल्या अडाणी गोष्टी पाठवतेस’ असे उत्तर गेले, तर मावशी मेसेजपेक्षा स्वत:चा मान वाचवायला उभी राहील आणि जल आणखी श्रद्धेने घेईल. त्याऐवजी ‘मावशी, महाराजांवर तुझी श्रद्धा आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फक्त इन्सुलिन बंद करू नकोस आणि पंधरा दिवसांनी साखर तपासू’ असे म्हटले, तर वाद पहिल्या प्रश्नावर राहतो. तेही ग्रुपवर न लिहिता फोन करून सांगितले तर जास्त बरे. चारचौघांत कोणी मत बदलत नाही, एकट्याने बदलते.

मावशीच्या बाजूनेही एक गोष्ट होऊ शकते. ‘तू देव मानत नाहीस म्हणून तुला सगळे खोटे वाटते’ असे न म्हणता ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ म्हणता येते. भाचा देव मानत नाही याचा साखरेच्या आकड्याशी संबंध नाही.

ॲडमिनचे कामही थोडे पण महत्त्वाचे आहे. व्यक्तीवर घसरलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय त्याच्याकडे असते. ती दोन्ही बाजूंना सारख्याच कसोटीने वापरली तरच तिला अर्थ आहे. नास्तिकाचा प्रश्न ‘वातावरण बिघडवणारा’ आणि त्याला दिलेली शिवी ‘भावनेच्या भरात’, असा न्याय केला तर ग्रुप शांत दिसेल, पण ती शांतता एकाने तोंड मिटल्याची असेल. आणि ज्या घरातले तरुण अशा रीतीने तोंड मिटतात, ते घरापासून हळूहळू बाकीच्या गोष्टींतही दूर जातात.

देव आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही ग्रुपवर सुटणार नाही. पण साखर तपासायची का, लाउडस्पीकर कधी बंद करायचा, देहदान करणाऱ्या कुटुंबाला सांत्वनाला जायचे का, हे प्रश्न रोज सुटतात. ते सोडवताना समोरच्याला उद्याही फोन करता येईल अशा भाषेत आज बोलणे, एवढीच या वादाची खरी मर्यादा आहे. ती पाळायला आस्तिक असावे लागत नाही आणि नास्तिकही.